मेंदूतले थोडेसे आम्ल

१९९० साली ‘ब्रेन रिसर्च’ या नियतकालिकात दोन छोटे शोधनिबंध आले. एक रोना गिफर्ड, डेनिस चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा जेफ्री टॉम्बॉ आणि रॉबर्ट सापोल्स्की यांचा. दोन्हीकडचा प्रयोग साधारण सारखाच होता. काचेच्या बशीत चेतापेशी वाढवायच्या, त्यांचा ऑक्सिजन आणि ग्लुकोज तोडायचा आणि किती पेशी मरतात ते मोजायचे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मेंदूच्या एका तुकड्यावर जे ओढवते, ते बशीत घडवण्याचा हा मार्ग. मग बशीतला द्रव थोडा आम्ल करून पाहिला. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे पेशी जास्त मरायला हव्या होत्या. त्या कमी मेल्या.

आजही पक्षाघाताबद्दल बोलताना आम्लाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सवय सुटलेली नाही, आणि ती सवय उगाच लागलेली नाही. १९७७ मध्ये रोनाल्ड मायर्स आणि यामागुची यांनी माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. काही मिनिटे हृदय थांबवून ते पुन्हा सुरू केलेल्या माकडांपैकी ज्यांना आधी ग्लुकोज दिले होते, त्यांच्या मेंदूची हानी उपाशी माकडांपेक्षा कितीतरी जास्त झाली. वरवर पाहता हे उलटेच. मेंदूचे इंधन ग्लुकोज, मग शिदोरी जवळ असलेला मेंदू आधी का मरावा? उत्तर मिळाले ते असे: ऑक्सिजन नसताना पेशी ग्लुकोज अर्धवटच वापरू शकतात. त्यातून लॅक्टेट साचते, ऊर्जेचा साठा मोडताना हायड्रोजन आयन सुटतात, रक्त वाहत नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइडही तिथेच अडकतो. साखर जितकी जास्त, तितके हे आम्ल जास्त. स्वीडनमधल्या लुंड येथील बो सिस्यो यांनी पुढची अनेक वर्षे या आम्लाचा माग काढला. पीएच फार खाली गेला, म्हणजे आम्ल फार वाढले, की प्रथिनांना बांधलेले लोह सुटते, त्यातून विध्वंसक मुक्त कण तयार होतात, ही साखळी त्यांनी मांडली. १९८७ मध्ये रिचर्ड क्रेग, विल्यम पुल्सिनेली आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत थेट आम्ल टोचून दाखवले, की पीएच ५.३ पर्यंत उतरला तर तिथल्या पेशी मरतात. खटला निकालात निघाल्यासारखाच होता.

तीनच वर्षांनी ते दोन शोधनिबंध आले. मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती इथली एक साधी गोष्ट: दोन्ही बाजूंचे प्रयोग खरे होते. क्रेग यांचे आम्ल आणि टॉम्बॉ यांचे आम्ल ही मात्रा म्हणून एकच वस्तू नव्हती.

मात्रेचा हा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो, कारण पीएचची मोजपट्टी फसवी आहे. तिच्यावर एक अंक खाली येणे म्हणजे हायड्रोजन आयन दहापट होणे. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. मेंदूतल्या पेशींभोवतालच्या द्रवाचा त्याहून किंचित कमी, ७.३ च्या आसपास. रक्तपुरवठा तुटला की तो साडेसहापर्यंत घसरतो, आणि रक्तात साखर भरपूर असेल तर सहा किंवा त्याखाली. साडेसहा आणि सहा हे आकडे कागदावर शेजारी दिसतात, पण सहाला हायड्रोजन आयन साडेसहाच्या तिपटीहून अधिक असतात. ‘सौम्य आम्लता’ म्हणतात ती साधारण सात ते साडेसहा या पट्ट्यातली.

आणखी एक घोळ इथेच मिटवलेला बरा. आपल्या घरात ‘ॲसिडिटी’ म्हणजे पित्त, छातीतली जळजळ, जेवणानंतरची गोळी. त्या ॲसिडिटीचा या लेखातल्या आम्लतेशी काहीही संबंध नाही. लिंबूपाणी प्यायल्याने मेंदू आम्ल होत नाही, आणि ‘अल्कलाइन’ म्हणून महागात विकले जाणारे पाणी प्यायल्याने तो अल्कधर्मीही होत नाही. पोटात काय गेले याचा हिशेब फुप्फुसे आणि मूत्रपिंडे रक्तातच बराचसा चुकता करतात. त्यापुढे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा आहे, तो हायड्रोजन आयनांना सहजी आत येऊ देत नाही. त्या पडद्यातून आरपार जातो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणून मेंदूचा पीएच बाहेरून हलवायचा असेल तर खरा हात श्वासावर ठेवावा लागतो, आणि या क्षेत्रातले बरेच प्रयोग त्याच वायूने झाले आहेत.

श्वास आणि मेंदू यांचे हे नाते पाहायचे असेल तर मेंदूची विद्युतक्रिया टिपणाऱ्या ईईजीच्या खोलीत पाहता येते. लहान मुलाला क्षणभर भान हरपण्याचे झटके येत असतील, तर तंत्रज्ञ त्याला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. कधी हातात भिरभिरे देतात आणि ते फुंकत राहायला सांगतात. कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जातो, मेंदू किंचित अल्कधर्मी होतो, चेतापेशी अधिक चिथावतात आणि दबलेला झटका पडद्यावर उमटतो. उलट बाजूने थोडे आम्ल आले की मेंदू शांत होतो. अपस्माराचा झटका आपोआप थांबण्यामागे त्या झटक्यानेच तयार केलेल्या आम्लाचा वाटा असतो.

हे शांत होणे घडते कसे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तरही १९९० चेच आहे. पक्षाघातात पेशी नुसत्या उपासमारीने मरत नाहीत. ऊर्जा संपली की त्यांचा ग्लुटामेटवरचा ताबा सुटतो. हा एरवीचा निरोप पोहोचवणारा रेणू आता पुरासारखा बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींवरची एनएमडीए नावाची दारे उघडी टाकतो. त्या दारांतून कॅल्शियम आत घुसते आणि पेशीची स्वतःचीच विकरे तिला आतून कुरतडू लागतात. स्टीफन ट्रेनेलिस आणि स्टुअर्ट कल-कँडी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की हायड्रोजन आयन हे दार मिटवतात, आणि त्यासाठी फार आम्लाची गरज नसते. निरोगी मेंदूच्या नेहमीच्या पीएचलाच या दारांची जवळपास निम्मी क्षमता दबलेली असते. म्हणजे हे दार सदैव अर्धवट ब्रेक लावून चालते. पीएच सातच्या खाली उतरला की अनेक प्रकारची एनएमडीए दारे बहुतांशी बंद होतात. ग्लुटामेटचा पूर आणि आम्ल दोन्ही एकाच संकटातून, एकाच वेळी येतात. संकटाने उघडलेले दार संकटाचीच राख बंद करते, ही रचना पाहून माणूस थक्क होतो.

आम्लाचे हे एकच काम नाही. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन आम्ल जागी ऑक्सिजन अधिक सैल सोडते. ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्येच हे दाखवले होते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात एक मोठे छिद्र असते, ते उघडले की पेशीचा शेवट ठरलेला. आम्ल त्या छिद्राला मिटलेले ठेवते. आणि मेंदूच्या पेशींवर जीपीआर-६८ नावाचा हायड्रोजन आयन ओळखणारा ग्राहक आहे. तो नसलेल्या उंदरांत पक्षाघाताची हानी वाढते, असे २०२० मध्ये दिसून आले.

पण याच घसरणीने दुसरे एक दार उघडते.

१९९७ मध्ये फ्रान्समधल्या मिशेल लाझदुन्स्की यांच्या गटाने आम्लाने उघडणाऱ्या आयनद्वारांची ओळख पटवली. त्यांना एसिक म्हणतात. त्यातले एसिक-१ए मेंदूत भरपूर आहे आणि पीएच सातच्या खाली आला की उघडू लागते. २००४ मध्ये झी-गांग शियोंग आणि रॉजर सायमन यांनी ‘सेल’मध्ये दाखवले की एसिक-१एमधूनही कॅल्शियम आत जाते आणि पेशी मारते. हे दार मुळातच नसलेल्या उंदरांत हानी कमी झाली. त्रिनिदादच्या एका टॅरंटुला कोळ्याच्या विषातला रेणू हे दार बंद करतो. तो मेंदूत सोडल्यावरही हानी बरीच घटली. पुढे ग्लेन किंग आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांना गारी बेटावरच्या फनेल-वेब कोळ्याच्या विषात याहून प्रभावी रेणू सापडला. २०१७ च्या त्यांच्या उंदरांवरील प्रयोगात पक्षाघातानंतर आठ तासांनी दिलेल्या एका मात्रेचाही उपयोग झाला.

या रॉजर सायमन यांच्याजवळ थोडे थांबायला हवे. १९९३ मध्ये याच सायमन यांनी उंदरांना जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत श्वास घ्यायला लावून मेंदू आम्ल केला होता आणि पक्षाघाताची हानी त्यामुळे घटते असे लिहिले होते. अकरा वर्षांनी त्यांनीच आम्लाने उघडणारे मारेकरी दार दाखवले. एकाच संशोधकाच्या नावावर प्रश्नाच्या दोन्ही बाजू असणे ही मला या क्षेत्राच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते. पहिल्या निष्कर्षाशी चिकटून राहायचे असते तर दुसरा प्रयोग त्यांनी केलाच नसता.

त्यातही गुंता आहे. अपस्माराच्या झटक्याला आवर घालणारे आम्ल कोणत्या दारातून काम करते? जॉन वेमी यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की तेही एसिक-१एच. तिथे ते आवर घालणाऱ्या पेशींना जागे करते. एकच दार एका आजारात रक्षक आणि दुसऱ्यात मारक. त्यावर २०१५ मध्ये चीनमधून आणखी एक निष्कर्ष आला: एसिक-१ए आयन आत सोडत नसले तरीही, केवळ आम्लाने त्याचा आकार बदलला म्हणून, पेशीला मरणाचा निरोप देऊ शकते. ‘आम्ल चांगले की वाईट’ हा प्रश्न मला इथे येऊन निरर्थक वाटतो. किती, कधी, आणि कोणत्या दारावर, हे तीनच प्रश्न विचारण्यासारखे उरतात.

त्यातला ‘कधी’ सर्वांत दुर्लक्षिलेला, आणि माझ्या मते सर्वांत आशेचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉन लेमास्टर्स आणि सहकारी यकृताच्या आणि हृदयाच्या पेशींवर काम करत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. ऑक्सिजनविना तगून राहिलेल्या पेशी, परिस्थिती सुधारून पीएच पुन्हा ७.४ ला आणला की त्याच क्षणापासून भराभर मरू लागत. पीएच खालीच ठेवला, किंवा हळूहळू वर नेला, तर वाचत. याला पीएचचा विरोधाभास म्हणतात. कारण समजायला अवघड नाही. आम्ल असताना मायटोकॉन्ड्रियाचे छिद्र मिटलेले होते आणि पेशी फोडणारी विकरे मंद होती. रक्त परतले, आम्ल एकदम धुऊन गेले आणि सगळे ब्रेक एकाच वेळी सुटले. पेशीच्या आतले आम्ल बाहेर फेकणारा पंप त्याच्या बदल्यात सोडियम आत घेतो, आणि त्या सोडियमपाठोपाठ कॅल्शियम येते. पक्षाघात झालेल्या माणसांच्या मेंदूची चुंबकीय तपासणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाली होती. पहिल्या तासांत आम्ल असलेला तुकडा पुढच्या दिवसांत अल्कधर्मी बाजूला झुकलेला तीत दिसला होता.

हृदयरोगाच्या प्रयोगशाळांत २००३ च्या सुमारास याच्याशी जुळणारी एक युक्ती सापडली. बंद वाहिनी उघडताना रक्त एकदम न सोडता काही सेकंद सोडायचे, थांबवायचे, पुन्हा सोडायचे. हानी कमी होते. २००६ मध्ये हेंग झाओ, सापोल्स्की आणि गॅरी स्टाइनबर्ग यांनी उंदरांच्या मेंदूत तीच युक्ती वापरून तसाच परिणाम मिळवला. १९९० च्या त्या शोधनिबंधातले सापोल्स्की सोळा वर्षांनी पुन्हा इथे भेटतात. अशा अडखळत्या रक्तप्रवाहामुळे जे घडते त्यातला एक भाग म्हणजे आम्ल सावकाश धुतले जाणे. मग आम्लच थेट का देऊ नये, असा विचार करून चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये उंदरांना रक्तप्रवाह परतताच पाच मिनिटे २० टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगवला. हानी घटली. मात्रा किंवा वेळ वाढवल्यावर मात्र फायदा टिकला नाही. २०१७ च्या त्यांच्या पुढच्या कामात असे दिसले की या थोडक्या आम्लाने पेशी आपले बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया वेचून मोडीत काढतात, आणि रक्तप्रवाह परत आणण्यासाठी उपलब्ध असलेला वेळही लांबतो.

आता माणसांकडे यायला हवे, आणि इथे पाऊल जपून टाकायला हवे. मेंदू वाचवणाऱ्या उपायांचा इतिहास मोठा खडतर आहे. २००६ मध्ये झालेल्या एका मोजणीत प्राण्यांवर किंवा बशीत आजमावलेले १,०२६ उपाय निघाले. एनएमडीए दारे बंद करणारी औषधे तर १९९० च्या दशकात मोठ्या अपेक्षेने माणसांना दिली गेली. ती फसली, कारण मेंदूभर सगळीकडे तेच दार बंद केले तर भास होतात, रक्तदाब बिघडतो, आणि पुरेशी मात्रा देताच येत नाही.

साखरेचे काय झाले? पक्षाघाताच्या वेळी साखर वाढलेली असेल तर रुग्णाची अवस्था बिकट होते हे अनेक ठिकाणी दिसले आहे. मायर्स यांच्या माकडांनी ते आधीच सांगितले होते. म्हणून अमेरिकेतल्या शाइन चाचणीत १,१५१ रुग्णांपैकी अर्ध्यांची साखर शिरेतून इन्सुलिन देऊन कडक आटोक्यात ठेवली. २०१९ मध्ये निकाल आला: चांगले सावरलेले रुग्ण कडक गटात २०.५ टक्के, नेहमीच्या गटात २१.६ टक्के. फरक पडला नाही, उलट कडक गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग आले. मला यातून एवढेच दिसते की रुग्ण इस्पितळात पोहोचेपर्यंत आम्लाचा पहिला अंक संपलेला असतो.

कार्बन डायऑक्साइड माणसांत मुद्दाम वाढवण्याचा एक नेमका अनुभव बालहृदयशस्त्रक्रियेतला आहे. शस्त्रक्रियेसाठी बाळाचे शरीर खूप थंड करतात. थंड रक्तात वायू जास्त विरघळतो, त्यामुळे त्या तापमानाला मोजले तर रक्त अल्कधर्मी भरते. ते तसेच राहू द्यायचे, की कार्बन डायऑक्साइड मिसळून पीएच खाली आणायचा, यावर शल्यविशारदांत दीर्घकाळ मतभेद होता. बॉस्टनमध्ये १८२ बाळांवर ही तुलना झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. वायू मिसळलेल्या गटातल्या बाळांच्या मेंदूची विद्युतक्रिया शस्त्रक्रियेनंतर लवकर परतली. पण ही बाळे मोठी झाल्यावर त्यांच्या वाढीत दोन्ही गटांत ठाम फरक राहिला नाही.

आणि मग टेम चाचणी. इस्पितळाबाहेर हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, बेशुद्ध असलेल्या १,७०० प्रौढांपैकी अर्ध्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड २४ तास मुद्दाम थोडा वरचा ठेवला. मुख्य आशा मेंदूचा रक्तप्रवाह वाढण्याची होती. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला निकाल असा: सहा महिन्यांनी चांगली मेंदूस्थिती वाढवलेल्या गटात ४३.५ टक्के, नेहमीच्या गटात ४४.६ टक्के. इतक्या मोठ्या आणि काटेकोर चाचणीपुढे मान तुकवलीच पाहिजे. तरीही, प्राण्यांमध्ये ज्या गोष्टीने काम केले ती पहिल्या काही मिनिटांतली आणि पाच मिनिटांपुरती होती, हेही विसरून चालणार नाही. टेमने वेगळा प्रश्न विचारला आणि त्याचे स्पष्ट उत्तर मिळवले. पक्षाघातात तर हा वायू आणखी धोक्याचा ठरू शकतो. तो निरोगी रक्तवाहिन्या रुंद करतो, तिकडे रक्त वळते आणि आधीच तहानलेला भाग आणखी कोरडा पडतो. सुजलेल्या मेंदूत तो कवटीतला दाबही वाढवतो. हे वाचून कोणी लकव्याच्या रुग्णाला श्वास रोखायला किंवा पिशवीत श्वास घ्यायला लावू नये, हे मी इथे निक्षून लिहितो.

मग या साऱ्याचा उपयोग कुठे? मला तो आम्ल वाढवण्यापेक्षा आम्लाचा पत्ता म्हणून वापर करण्यात दिसतो. ग्रहणात गडद छायेभोवती जशी फिकट उपच्छाया असते, तसाच मेंदूच्या मेलेल्या गाभ्याभोवती अजून जिवंत, पण अर्धपोटी असलेला पट्टा असतो. वैद्यकाने त्याचे नावही ग्रहणावरूनच घेतले. वाचवायचा असतो तो हा पट्टा, आणि तोच सौम्य आम्ल असतो. एनएमडीए दारावर आम्लाचा ब्रेक दाखवणाऱ्या ट्रेनेलिस यांनी पुढे अटलांटातल्या एमरी विद्यापीठात अशी औषधे घडवली, जी नेहमीच्या पीएचला जवळजवळ निष्क्रिय राहतात आणि आम्ल जागी जोर धरतात. २०१५ मध्ये ‘न्यूरॉन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात उंदरांचा मेंदू वाचला आणि जुन्या औषधांचे दुष्परिणाम फारसे दिसले नाहीत. औषध सगळ्या शरीरात फिरते, पण काम फक्त संकटाच्या जागी करते. दुसरीकडे जॉन्स हॉपकिन्समधल्या जिन्युआन झोऊ आणि पीटर व्हान झाइल यांनी २००३ मध्ये एमआरआयवरच पीएचचा नकाशा काढण्याची पद्धत दाखवली. कोणता भाग उपाशी आहे आणि कोणता खरोखर आम्ल झाला आहे, हे वेगळे काढणे तिच्यामुळे शक्य होते.

गुठळी काढण्याचे तंत्र २०१५ नंतर झपाट्याने पसरले. निवडक रुग्णांत तर २४ तासांपर्यंत वाहिनी उघडता येते. म्हणजे ज्या क्षणी आम्ल धुतले जाते तो क्षण आता डॉक्टरांच्या हातात, कॅथलॅबच्या टेबलावर असतो. १९९० च्या दशकात तो सहसा कोणाच्या हातात नसे. पाच मिनिटांच्या प्रयोगाला माणसांत जागा असेल तर ती इथेच.

पण कॅथलॅब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची कारणे नोंदवली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या गावांत मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले, सातांतला एक मृत्यू. त्यांतले बहुसंख्य मृत्यू घरीच झाले. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक हिशेब आहे. अशा गावातून इस्पितळाकडे निघालेल्या माणसाला वाटेतच टोचता येईल, मेंदूच्या आम्ल झालेल्या पट्ट्यापुरतेच काम करील आणि बाकी शरीराला धक्का लावणार नाही असे औषध हवे आहे. त्याला ना शीतपेटी लागावी, ना आधी स्कॅन काढून पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा हे ठरवण्याची वाट पाहावी लागावी.